सर्व्हर व्हर्च्युअल आहे म्हणून फाइल हळू जात नाही

“व्हर्च्युअल केलं ना भाऊ, म्हणून स्लो चालून राहिलं.” नागपुरात हे वाक्य सारखं कानावर येतं. धंतोलीतलं डायग्नोस्टिक सेंटर असो, सिव्हिल लाइन्समधलं सीए ऑफिस असो की इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याची पेढी. जुने दोन-तीन सर्व्हर एकाच दणकट मशीनवर व्हर्च्युअल करून घेतले आणि नंतर फाइल कॉपी रेंगाळू लागली, की सारा दोष व्हर्च्युअलायझेशनच्या माथी मारला जातो. पुढचा सल्लाही ठरलेला: वेगळा फिजिकल सर्व्हर घ्या. काहीही न मोजता दिलेला हा सल्ला आहे आणि त्याची किंमत मालक मोजतो.

गैरसमज: व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क मुळातच हळू असतं.

वस्तुस्थिती: आधी कमाल वेग किती ते पाहू. एक गिगाबिटची लाइन म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. पॅकेटच्या हेडरचा भाग वजा जाता फाइलसाठी साधारण ११७-११८ उरतात. नीट बसवलेलं व्हर्च्युअल मशीन तिथपर्यंत सहज पोहोचतं. पोहोचत नसेल, तर त्यामागे नेमकं कारण असतं आणि ते शोधता येतं.

पहिला संशयित म्हणजे व्हर्च्युअल नेटवर्क कार्डाचा प्रकार. ‘ई१०००’ हे कार्ड इंटेलच्या जुन्या कार्डाची सॉफ्टवेअरने केलेली हुबेहूब नक्कल आहे. या नकलेचं ओझं प्रोसेसरवर पडतं. त्याच्यावर इतर कामांचा भार असला की वेग कोसळतो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमधल्या ‘लेगसी’ कार्डाची तर मर्यादाच १०० मेगाबिट आहे. यावरचा उपाय जुना आहे. व्हर्टआयओ जानेवारी २००८ मध्ये लिनक्स कर्नल २.६.२४ सोबत आलं, व्हीएमवेअरचं व्हीएमएक्सनेट३ २००९ मध्ये. ही कार्डं नक्कल करत नाहीत, हायपरव्हायजरशी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, थेट बोलतात. मात्र विंडोजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर आधीपासून नसतो, तो वेगळा टाकावा लागतो. तेवढे कष्ट टाळण्यासाठी ‘लगेच चालतं’ म्हणून जुनं कार्ड निवडलं जातं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं.

दुसरा संशयित ड्रायव्हर. विंडोज सर्व्हर २०१२ च्या हायपर-व्हीवर, ब्रॉडकॉमच्या काही गिगाबिट कार्डांत ‘व्हीएमक्यू’ ही सोय चालू असली की व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क मंदावतं. हे मायक्रोसॉफ्टच्याच सपोर्ट-लेखात नोंदलेलं आहे. ड्रायव्हर अद्ययावत करणं किंवा व्हीएमक्यू बंद करणं, हा तिथलाच उपाय. त्यासाठी नवा सर्व्हर लागत नाही.

तिसरा संशयित डिस्क, आणि तिच्याकडेच सर्वात कमी पाहिलं जातं. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. पूर्वी तीन सर्व्हरांना तीन डिस्क होत्या; आता तिघांची मागणी एकाच डिस्कवर येते आणि तिचं डोकं सतत इकडून तिकडे धावतं. त्यात महिनोन्महिने न काढलेले स्नॅपशॉट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची त्या-त्या क्षणाची जपलेली स्थिती. एक स्नॅपशॉट ७२ तासांहून जास्त ठेवू नका, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, असं व्हीएमवेअर स्वतः सांगतं. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड कंट्रोलरची बॅटरी संपली असेल, तर तो सुरक्षिततेसाठी राइट-कॅश बंद करतो आणि लिहिण्याचा वेग एकदम पडतो. कॉपी सुरुवातीला झपाट्याने जाऊन मग गळपटते, तेव्हाही बहुधा रॅममधली कॅश भरलेली असते आणि खरी डिस्क उघडी पडलेली असते.

मग दोषी कोण, हे ठरवायचं कसं? अमेरिकेतल्या ईएसनेट संस्थेचं ‘आयपर्फ३’ हे मोफत साधन वापरा. एरवी ते डेटा एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत पाठवतं, डिस्कला हात लावत नाही. त्यात ९०० मेगाबिटच्या वर आकडा आला आणि कॉपी मात्र सेकंदाला ३० मेगाबाइटवर अडली, तर तार आणि व्हर्च्युअल कार्ड निर्दोष. डिस्क, अँटिव्हायरस आणि फाइलींची संख्या तपासा. आयपर्फच ९४-९५ मेगाबिटवर थांबला, तर कुठेतरी लाइन १०० मेगाबिटवर जोडली गेली आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात

“नेटचा प्लान वाढवा.” ऑफिसातल्या ऑफिसात जाणारी फाइल स्विचमधून जाते, इंटरनेटच्या लाइनचा तिच्याशी संबंध नाही.

“सगळीकडे कॅट-६ टाका.” गिगाबिटला १०० मीटरपर्यंत कॅट-५ई पुरते, पण चारही जोड्या शाबूत लागतात. कॉपी सेकंदाला ११ मेगाबाइटवर अडकली असेल, तर आधी क्रिम्पिंग तपासा.

“कार्डावर १० जीबीपीएस दिसतंय.” व्हीएमएक्सनेट३ तसंच दाखवतं, बाहेरचं खरं कार्ड गिगाबिटचं असेल, तर बाहेर गिगाबिटच मिळणार.

“दोन कार्डं जोडली की वेग दुप्पट.” नेहमीच्या टीमिंगमध्ये एक कॉपी एकाच तारेवरून जाते, फायदा अनेक जण एकदम वापरतात तेव्हा होतो.

“जंबो फ्रेम लावा.” म्हणजे पॅकेटचा आकार वाढवा. वाटेतलं प्रत्येक कार्ड आणि स्विच त्यासाठी बदललेलं नसेल, तर कॉपी मध्येच अडकते.

“५०० एमबीच तर आहे!” सीटी स्कॅनचा ५१२ बाय ५१२ चा एक काप अर्ध्या मेगाबाइटचा असतो. हजार काप म्हणजे हजार फाइली, आणि प्रत्येक फाइल उघडणं-बंद करणं वेगळं. हजार पोत्यांची एक पावती करणं आणि हजार पावत्या करणं यांत जेवढा फरक, तेवढा इथे आहे.

“उन्हाळ्यात नेटवर्क स्लो होणारच.” गरम केबलमध्ये सिग्नल जास्त क्षीण होतो, म्हणूनच टीआयए या संस्थेचं केबलिंगचं मानक २० अंशांच्या वर लांबी कमी धरायला सांगतं. पण बंदिस्त खोलीतल्या सर्व्हरचा प्रोसेसर तापून मंदावणं आणि रेडची बॅटरी लवकर झिजणं हे जास्त संभवतं. दोन्हींवर उपाय आहे. मे महिन्याला शरण जायचं कारण नाही.

नव्या सर्व्हरचं कोटेशन हातात पडलं, तर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: आयपर्फचा आकडा, व्हर्च्युअल कार्डाचा प्रकार आणि कॉपी चालू असतानाचा डिस्कचा वेग. हे तपासायला एक दुपार पुरते. ज्याने ती दुपार दिली नाही, त्याला तुमच्या पैशांनी सर्व्हर बदलायचा अधिकार नाही.