ऑक्स लावलं, पण गाणं गायब? स्टिरिओ बदलण्याआधी हे करून पाहा

सुट्टी लागली, डबे भरले, सगळे गाडीत बसले. बाबांनी खिशातून आपला जुना म्युझिक प्लेअर काढला, ऑक्सची वायर लावली, आवाज वाढवला आणि स्पीकरमधून नुसती खरखर! मागच्या सीटवरून लगेच सूचना येते, ‘‘जाऊ द्या ना बाबा, फोनवरून ब्लूटूथला लावू.’’ बाबा गप्प बसतात. त्यांना जे ऐकायचं असतं, ते फोनवर नसतंच.

तुमच्या घरी हे घडलं असेल तर थोडं थांबा. आमच्याकडे अगदी असंच झालं होतं आणि आम्ही साडेनऊ हजारांचा नवा स्टिरिओ घ्यायच्या बेतात होतो.

आम्ही राहतो वडोद्याला, गाव नाशिकजवळचं. बाबांकडे २००८ साली घेतलेला काडेपेटीएवढा एमपी३ प्लेअर आहे. त्यात त्यांनी एकेक करून भरलेली तीनेकशे गाणी आहेत आणि ११ मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आहे. गावच्या घरी आजी जात्यावर दळायला बसली होती, तेव्हा बाबांनी तो प्लेअर तिच्या बाजूला ठेवून बटण दाबलं होतं. जात्याची घरघर, मधूनच कोंबडं आणि आजीच्या ओव्या. आजी २०१४ मध्ये गेली. तिचा आवाज असलेली दुसरी कुठलीही गोष्ट आमच्याकडे नाही.

गेल्या वर्षी आम्ही सेकंडहॅंड गाडी घेतली. पहिल्याच फेरीत बाबांनी प्लेअर लावला. नव्या गाण्यांत तबला, व्हायोलिन नीट ऐकू येत होतं, पण गायिका विहिरीच्या तळातून गातेय असं वाटत होतं. जुनी गाणी तर जवळपास लागतच नव्हती. आजीचं रेकॉर्डिंग लावलं तर पूर्ण शांतता. बाबा एवढंच म्हणाले, ‘‘पुसलं गेलं वाटतं.’’ पुढचे दोन तास त्यांनी रस्त्याशिवाय कुठेही पाहिलं नाही.

परत आल्यावर एका कार अॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने दोन बटणं दाबली आणि निकाल दिला, ‘‘स्टिरिओ गेलाय, नवीन बसवा.’’ स्टिरिओ गेला नव्हता आणि रेकॉर्डिंगही पुसलं गेलं नव्हतं. मी बीए केलंय इंग्रजी साहित्यात, वायरिंगशी माझा काडीचा संबंध नाही. तरीही एका रविवारी दुपारी पार्किंगमध्ये बसून मला दोष सापडला. तुम्हालाही सापडेल.

प्लेअर, वायर, स्टिरिओ : तिघांना वेगळं करा

ऑक्स म्हणजे ऑक्झिलरी, जादाची वाट. बाहेरचं कुठलंही यंत्र जोडता यावं म्हणून स्टिरिओला दिलेलं ते साधं ३.५ मिलिमीटरचं भोक. त्यात सॉफ्टवेअर नाही, पासवर्ड नाही, पेअरिंग नाही. बिघडण्यासारख्या जागा मोजून तीन आहेत. त्या एकत्र जोडलेल्या असताना अंदाज बांधत बसू नका, एकेकाला बाजूला काढून तपासा. गाडी उभी हवी, इंजिन बंद आणि चावी फक्त स्टिरिओ लागेल इतकीच फिरवलेली.

प्लेअरला आधी इयरफोन लावून ऐका. दोन्ही कानांत स्वच्छ आवाज आला तर प्लेअर ठीक आहे. इथे एक गंमत सांगते. जुनी गाणी भरून मिळणारे रेडिओसारखे प्लेअर हल्ली बऱ्याच घरांत असतात. त्यातल्या काहींना ‘ऑक्स इन’ लिहिलेलं भोक असतं. नाव बघून आपण वायर तिथेच घालतो. पण ‘इन’ म्हणजे आवाज आत घ्यायची जागा. गाडीचं ऑक्सही आत घेणारंच. दोघेही कान लावून बसले तर बोलणार कोण? वायर हेडफोनच्या भोकात घाला.

प्लेअरचा आवाजही पाहा. ऑक्सवर आवाज दोन ठिकाणी ठरतो, एकदा प्लेअरवर आणि एकदा स्टिरिओवर. प्लेअर अगदी हळू ठेवून स्टिरिओ शेवटपर्यंत वाढवला की गाण्याबरोबर खरखरही मोठी होते. उलट प्लेअर पूर्ण वाढवला तर आवाज फाटायला लागतो. प्लेअर साधारण पाऊण भागावर ठेवा आणि बाकीचं स्टिरिओच्या बटणावर करा. प्लेअरमध्ये बास वाढवणारी सेटिंग चालू असेल तर तीही बंद करा. इयरफोनमध्ये छान वाटणारा बास गाडीत दणदण करतो.

आता स्टिरिओ. ‘सोर्स’ किंवा ‘मोड’ बटण दाबून स्क्रीनवर ऑक्स येतं का ते बघा. कितीही वेळा दाबलं तरी ते येत नसेल तर लगेच निराश होऊ नका. काही स्टिरिओंमध्ये ऑक्सचा पर्याय सेटिंगमध्ये बंद करून ठेवता येतो आणि सेकंडहॅंड गाडीत आधीच्या मालकाने तो बंद केलेला असू शकतो. काहींमध्ये पिन घातल्याशिवाय तो पर्याय दिसतच नाही. ऑक्स दिसत असेल तर त्याच वायरने दुसरा एखादा फोन लावून पाहा. मात्र हेडफोनचं गोल भोक असलेला फोन हवा. २०१६ च्या आयफोन ७ पासून बऱ्याच फोनमधून ते गायब होत गेलंय, त्यामुळे आईचा किंवा काकांचा जुना फोन मागावा लागेल.

वायरची परीक्षा सगळ्यात सोपी. गाणं चालू ठेवून पिनेजवळचा भाग हलकेच वाकवून बघा. आवाज ये-जा करायला लागला किंवा एकाच बाजूचा स्पीकर बोलू लागला तर वायर आतून तुटलीय. ती नेहमी पिनेच्या गळ्याशीच तुटते, कारण आपण सगळेच ती पिनेला धरून न काढता वायरला धरून ओढतो. जोडत बसू नका, शे-दोनशे रुपयांत नवी मिळते.

आमच्याकडे काय झालं सांगू? इयरफोनवर प्लेअर उत्तम वाजला. त्यात आजीच्या ओव्याही होत्या. बाबांना हाक मारून इयरफोन दिला तर ते बराच वेळ तो काढेचनात. रेकॉर्डिंग शाबूत होतं, म्हणजे निम्मी काळजी तिथेच मिटली. मग आईचा फोन त्याच वायरने स्टिरिओला लावला, तोही उत्तम! म्हणजे प्लेअर चांगला, वायर चांगली, स्टिरिओही चांगला. तिघे एकत्र आले की मात्र गायिका पुन्हा विहिरीत.

गायिका कुठे जाते?

खरा धागा इथेच होता आणि तो मला आधीच दिसायला हवा होता. ऑक्सची पिन हातात घेऊन नीट पाहा. तिच्यावर दोन काळ्या रेघा असतात आणि त्यामुळे तिचे तीन भाग पडतात. टोकाचा भाग डाव्या स्पीकरचा, मधला उजव्याचा आणि बुडाचा भाग दोघांचा सामाईक. या सामाईक भागाला ग्राउंड म्हणतात. आवाज डाव्या-उजव्या वाटेने जातो आणि ग्राउंडच्या वाटेने परत येतो, तेव्हा कुठे वर्तुळ पूर्ण होतं.

ग्राउंडच जोडलं गेलं नाही तर? सगळं बंद पडेल असं वाटतं, पण तसं होत नाही. परतीची वाट नसल्याने डावा आणि उजवा एकमेकांतूनच वाट काढतात. मग दोघांत जे सारखं आहे ते एकमेकांना खोडून टाकतं आणि जे वेगळं आहे तेवढंच स्पीकरमधून ऐकू येतं. गाणं रेकॉर्ड करताना गायकाचा आवाज बहुतेक वेळा मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्हीकडे सारखा. म्हणून तो जातो. बाजूला ठेवलेली वाद्यं राहतात. गाण्यातला गायक काढून कराओके बनवणारी साधी सॉफ्टवेअर हीच युक्ती मुद्दाम वापरतात.

पन्नास-साठच्या दशकातली बहुतेक गाणी तर मोनो आहेत. त्यांत डावं आणि उजवं तंतोतंत एकच. मग खोडल्यावर उरणार काय? काहीच नाही. आजीचं रेकॉर्डिंगही एकाच माइकवर झालेलं, मोनोच. म्हणून नवी गाणी अर्धीमुर्धी वाजत होती, जुनी जेमतेम आणि आजी अजिबात नाही.

ही खूण लक्षात ठेवा. वाद्यं ऐकू येतात पण गाणारा नाही, असं झालं की स्टिरिओ गेलेला नसतो, ग्राउंड सुटलेलं असतं. त्याची कारणं दोन-तीनच. पिन पूर्ण आत गेलेली नसते, ग्राउंडची तार तुटलेली असते किंवा वायर चुकीची असते. चुकीची म्हणजे अशी की, मोबाइलच्या दुकानात मिळणाऱ्या काही वायरींच्या पिनेवर दोनऐवजी तीन रेघा असतात. तो चौथा भाग माइकसाठी. फोनसाठी बनवलेली अशी पिन गाडीच्या तीन भागांच्या भोकात गेली की ग्राउंड कधी कधी भलत्याच ठिकाणी टेकतं. ऑक्ससाठी वायर घेताना रेघा मोजा, दोन्ही टोकांना दोनच हव्यात.

आमच्या पिनेवर दोनच रेघा होत्या. तारही तुटलेली नव्हती, आईच्या फोनवर ती नीट चालली होती. उरलं पहिलं कारण. मी प्लेअर उलटसुलट करून पाहिला आणि मग लक्ष गेलं आईने शिवलेल्या कव्हरकडे. जुन्या पर्सच्या रेक्झिनचं, कडेला दुहेरी शिवण घातलेलं, छान मजबूत. पिनेसाठी तिने भोकही ठेवलं होतं, पण ते इयरफोनच्या बारीक पिनेच्या मापाचं. ऑक्सच्या पिनेचं डोकं जाड. ते रेक्झिनवर अडायचं आणि पिन जेमतेम मिलिमीटरभर बाहेर राहायची. कव्हर काढलं, पिन दाबली, ‘टक्’ असा आवाज आला आणि गाडीत जातं फिरायला लागलं.

म्हणून पिन घालताना तो ‘टक्’ ऐकू येतोय का बघा. येत नसेल तर आधी कव्हर काढा, मग भोकात डोकवा. खिशात राहणाऱ्या प्लेअरच्या भोकात कापसाचे, कापडाचे तंतू साठतात आणि पिन दरवेळी ते आणखी आत दाबते. प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने ते काढा. सुई, सेफ्टीपिन नको, आतल्या पात्या वाकतात. गाडीच्या भोकात धूळ असते, तिथेही हाच उपाय.

गुणगुण आणि शिट्टी

गाणं नीट लागतंय पण मागे सतत ‘ऊंऽऽ’ ऐकू येतंय, अॅक्सिलरेटर दाबला की ती शिट्टी आणखी बारीक आणि उंच होतेय, अशी तक्रारही खूप जणांची असते. प्लेअर गाडीच्या चार्जरला लावलेला आहे का? तो चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर चोर सापडला. प्लेअर एकाच वेळी चार्जरमार्फत आणि ऑक्समार्फत गाडीच्या ग्राउंडला जोडला जातो, दोन वाटांचं एक वेटोळं तयार होतं आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरचा आवाज त्यातून स्पीकरपर्यंत पोचतो. प्लेअर घरूनच चार्ज करून आणा, हा फुकटचा उपाय. तसं जमत नसेल तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी काही शे रुपयांत मिळते. ती ऑक्सच्या वायरमध्येच बसते. साध्या डबीने बास किंचित कमी होतो, पण शिट्टीपेक्षा ते परवडतं. चार्जर नसतानाही शिट्टी येत असेल तर मात्र स्टिरिओच्या मागचं वायरिंग बघावं लागेल आणि ते काम कार इलेक्ट्रिशियनचं.

गाडीला ऑक्सच नसेल आणि फक्त यूएसबीचं चौकोनी भोक असेल तर जुना प्लेअर त्यात लावून गाणी वाजतीलच असं नाही, कित्येकदा तो नुसता चार्ज होतो. तेव्हा गाणी पेनड्राइव्हवर घेणं बरं.

जाता जाता एक काम आजच करा. असं एखादं रेकॉर्डिंग तुमच्याही घरातल्या जुन्या प्लेअरमध्ये असेल तर ते कॉम्प्युटरवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा. हे प्लेअर म्हातारे झालेत, त्यांच्या बॅटऱ्या फुगतात आणि आता तसे नवे सहज मिळतही नाहीत. आयपॉड बनवणंसुद्धा कंपनीने २०२२ मध्ये बंद केलं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर प्लेअर कधीच ठेवू नका, लिथियम बॅटरीला ती उष्णता सोसत नाही.

आमच्याकडे आता आजी चार ठिकाणी आहे : माझ्या लॅपटॉपवर, भावाकडच्या हार्डडिस्कवर, आत्याच्या फोनमध्ये आणि अर्थात प्लेअरमध्ये. कव्हर फेकायला बाबांनी साफ नकार दिला. मग आईने नखं कापायच्या कात्रीने त्याचं भोक मोठं केलं आणि कडेने पुन्हा टाके घातले. मागच्या महिन्यात सापुताऱ्याचा घाट चढताना बाबांनी ती ११ मिनिटं दोनदा लावली. ब्लूटूथ लावा, असं कुणी म्हणालं नाही.