हस्तारोपण, कॅथलिक पंथातील

दुसऱ्या व्यक्तीसाठी प्रार्थना करताना तिच्या मस्तकावर हात ठेवण्याचा, किंवा स्पर्श न करता तिच्या दिशेने हात पसरण्याचा ख्रिस्ती विधी. पहिल्या प्रकारास हस्तारोपण व दुसऱ्यास हस्तप्रसारण असे म्हणता येईल; परंतु कॅथलिक उपासनाग्रंथांत हे दोन्ही प्रकार परस्परांत मिसळलेले आढळतात आणि अनेक ठिकाणी एक दुसऱ्याची जागा घेतो. आशीर्वाद, पापक्षमा, रोगनिवारण, पवित्र आत्म्याचे आवाहन आणि धर्माधिकाराचे प्रदान या हेतूंनी हा विधी केला जातो. या कृतीत सामर्थ्य असते काय, असल्यास ते हाताचे की प्रार्थनेचे, आणि तसे हात पसरण्याचा अधिकार कोणास, हे प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकेच जुने आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा तीव्रतेने उपस्थित झाले.

विधीचे मूळ यहुदी परंपरेत आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आपले हात तिरपे करून उजवा हात धाकट्या एफ्राईमाच्या व डावा थोरल्या मनश्शेच्या डोक्यावर ठेवतो, आणि योसेफाला ते रुचत नाही. आशीर्वाद कोणत्या हाताने व कोणावर, याला किती महत्त्व होते हे त्यावरून दिसते. मोशे यहोशवावर हात ठेवून त्यास आपला उत्तराधिकारी करतो (गणना २७). तथापि हात ठेवणे नेहमीच शुभ नसे. प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक जिवंत बोकडावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापे त्याच्यावर घालीत असे. ईश्वरनिंदकास दगडमार करण्यापूर्वी साक्षीदार त्याच्या मस्तकी हात ठेवीत. म्हणजे काहीतरी एका व्यक्तीकडून दुसऱ्याकडे जाते, ही मूळ कल्पना. ते वरदान असेल किंवा दोष. दुरून हात उभारणे हा प्रकार वेगळा. अहरोन लोकसमुदायाकडे हात उंचावून आशीर्वाद देतो, कारण हजारो लोकांच्या डोक्यावर हात ठेवणे शक्य नसते. हस्तप्रसारणाची उत्पत्ती अशा व्यावहारिक गरजेतून झाली असावी.

नव्या करारात येशू मुलांना कवटाळून त्यांच्यावर हात ठेवतो, रोग्यांना स्पर्शाने बरे करतो. बेथसैदा येथील आंधळ्यावर त्यास दोनदा हात ठेवावे लागतात, कारण पहिल्या वेळी त्या मनुष्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात (मार्क ८). स्वर्गारोहणाच्या वेळी मात्र तो हात उंचावून शिष्यांना आशीर्वाद देतो. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात पेत्र व योहान शोमरोनातील नवदीक्षितांवर हात ठेवतात आणि त्यांना पवित्र आत्मा प्राप्त होतो. ते पाहून सीमोन नावाचा जादूगार हे सामर्थ्य पैसे देऊन विकत मागतो व पेत्र त्याचा कठोर धिक्कार करतो. धार्मिक पदांच्या खरेदीविक्रीस युरोपीय भाषांत ‘सायमनी’ हे नाव या सीमोनावरूनच पडले. त्याच ग्रंथात कर्नेल्य या शताधिपतीच्या घरी पेत्र नुसते भाषण करीत असतानाच, कोणी हात ठेवण्यापूर्वी, ऐकणाऱ्यांवर आत्मा उतरतो. पुढील काळातील वादात ही दोन्ही उदाहरणे वारंवार पुढे केली गेली.

तिसऱ्या शतकात हा प्रश्न केवळ विधीचा राहिला नाही. पाखंडी गटांत बाप्तिस्मा घेतलेले लोक चर्चमध्ये परतले, तर त्यांना पुन्हा बाप्तिस्मा द्यावा की फक्त हात ठेवून स्वीकारावे, यावर २५५-५६ च्या सुमारास कार्थेजचा बिशप सिप्रियन व रोमचा बिशप स्टीफन यांच्यात कडवा मतभेद झाला. स्टीफन यांनी हस्तारोपण पुरेसे मानले. सिप्रियन यांचा आग्रह पुन्हा बाप्तिस्मा देण्याचा होता. दीडशे वर्षांनंतर ऑगस्टीन यांनी बाप्तिस्म्यावरील ग्रंथात या वादाची मीमांसा करताना एक महत्त्वाचा भेद केला : बाप्तिस्मा एकदाच होतो, परंतु हस्तारोपण पुन्हा करता येते, कारण ते मुळात माणसावर केलेली प्रार्थनाच आहे. सर्व हस्तारोपणांना हे लागू पडत नाही, कारण गुरुदीक्षेतील हस्तारोपण पुन्हा केले जात नाही. तरीही हात हे साधन व प्रार्थना हे सार, ही कॅथलिक विचारातील एक मुख्य रेषा तेथून सुरू होते.

संस्कारांपैकी गुरुदीक्षेत हस्तारोपणाचे स्थान सर्वांत पक्के आहे, पण तेथेही ते शतकानुशतके संदिग्ध राहिले. मध्ययुगात दीक्षार्थीच्या हाती द्राक्षारसाचा प्याला व भाकरीचे तबक देण्याचा विधी रूढ झाला आणि १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने अर्मेनियन ख्रिस्ती लोकांसाठी काढलेल्या आदेशात तोच संस्काराचा मुख्य भाग मानला. पूर्वेकडील चर्चमध्ये मात्र असा विधी नव्हता आणि त्यांच्या धर्मगुरूंची दीक्षा रोमला मान्य होती. ही विसंगती धर्मशास्त्रज्ञांना खटकत राहिली. अखेर ३० नोव्हेंबर १९४७ रोजी पोप बारावे पायस यांनी ‘साक्रामेंतुम ऑर्दिनिस’ या फर्मानाने उपयाजक, धर्मगुरू व बिशप या तिन्ही दीक्षांत हस्तारोपण हेच संस्काराचे द्रव्य, असा निर्णय दिला. त्यातील एक तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. धर्मगुरूच्या दीक्षेत बिशप प्रथम निःशब्दपणे मस्तकावर हात ठेवतो व त्यानंतर उजवा हात पसरून धरतो. यांपैकी पहिलीच कृती संस्कारास आवश्यक, पसरलेला हात नव्हे, असे फर्मानाने स्पष्ट केले. मस्तकास प्रत्यक्ष स्पर्श करावा, असेही सांगितले. मात्र स्पर्श न झाल्यास केवळ नैतिक संपर्कानेही संस्कार वैध राहतो, अशी पुस्ती जोडली. बिशपनंतर उपस्थित धर्मगुरूही नवदीक्षिताच्या मस्तकी हात ठेवतात. उपयाजकाच्या दीक्षेत मात्र एकटा बिशप हात ठेवतो. हा भेद तिसऱ्या शतकातील हिप्पोलिटस यांच्या नावावरील ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथातही आढळतो.

दृढीकरणात बिशप सर्व उमेदवारांवर हात पसरून पवित्र आत्म्याच्या सात दानांसाठी प्रार्थना करतो. पोप सहावे पॉल यांनी १५ ऑगस्ट १९७१ रोजी ठरविल्याप्रमाणे संस्काराचे सार कपाळावरील तैलाभ्यंग व त्यासमवेतचे शब्द यांत आहे. आधीचे हस्तप्रसारण वैधतेस आवश्यक नसले, तरी त्यास मोठा मान द्यावा, असे सांगितले आहे. पापनिवेदनात १९७३ च्या विधीनुसार धर्मगुरू क्षमेचे शब्द उच्चारताना पश्चात्तप्ताच्या मस्तकावर दोन्ही किंवा निदान उजवा हात पसरतो. मध्ये जाळी असल्यास हात तिच्या दिशेने उचलला जातो. आजाऱ्यांच्या अभ्यंगात, याकोबाच्या पत्रातील रुग्णावर प्रार्थना करण्याच्या आज्ञेस अनुसरून, धर्मगुरू तेल लावण्यापूर्वी काही न बोलता मस्तकी हात ठेवतो. ही स्तब्धता पाहणाऱ्यावर शब्दांहून अधिक परिणाम करते. मिस्सामध्ये भाकर व द्राक्षारस यांवर हात पसरून आत्म्याचे आवाहन केले जाते, आणि विवाहाशीर्वादात वधूवरांवर. २००२ च्या मिस्सा-ग्रंथात उपवासकाळातील प्रत्येक दिवशी लोकांवर हात पसरून करावयाच्या जुन्या प्रार्थना पुन्हा आणल्या आहेत.

येथवर प्रश्न दीक्षित अधिकाऱ्यांचा. सामान्यजनांनी दुसऱ्यावर हात पसरावे की नाही, याचे उत्तर इतके सरळ नाही. आईवडील मुलांना आशीर्वाद देतात, तो आशीर्वादच आहे. प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेली व्यक्ती आशीर्वाद देण्यास बोलावलेली आहे, मात्र आशीर्वादाचा संबंध चर्चच्या सार्वजनिक व संस्कारात्मक जीवनाशी जितका अधिक, तितका तो दीक्षितांकडे राखून ठेवला जातो, असे १९९२ ची धर्मशिक्षा सांगते. १९८४ च्या आशीर्वादग्रंथानुसार धर्मगुरू व उपयाजक हात पसरून, तर सामान्यजन हात जोडून आशीर्वादाची प्रार्थना म्हणतात. पण प्रौढांच्या दीक्षाविधीत बिशपने नेमलेला सामान्यजन धर्मशिक्षक दीक्षार्थींवरील काही लघु भूतोच्चाटन-प्रार्थना व आशीर्वाद म्हणू शकतो. नियमांत पूर्ण एकसूत्रता नाही, हे मान्य केले पाहिजे.

फेब्रुवारी १९६७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातील काही प्राध्यापक व विद्यार्थी यांच्या प्रार्थनाशिबिरातून कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळ उदयास आली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये आत्म्याची विशेष दाने सर्व स्तरांतील श्रद्धावंतांना मिळतात असे म्हटले होतेच. चळवळीच्या मेळाव्यांत सामान्य स्त्रीपुरुष एकमेकांवर हात ठेवून आत्म्याच्या नव्या अनुभवासाठी व आरोग्यासाठी प्रार्थना करू लागले. हा संस्कार नसून बंधुभावाची प्रार्थना आहे, असे तिच्या धर्मशास्त्रज्ञांनी आरंभापासून सांगितले. अशा प्रार्थनेत काही जण मागे कोसळून पडतात. या प्रकाराविषयी, चळवळीचे आश्रयदाते असलेले बेल्जियमचे कार्डिनल स्यूनेन्स यांनीच १९८७ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला. १९७२ पासून मुंबई हे चळवळीचे भारतातील एक आद्य केंद्र होते. पुढे केरळातील पोट्टा व मुरिंगूर येथील केंद्रांनी तिला विराट स्वरूप दिले. वसईच्या मराठीभाषक कॅथलिकांनाही ही प्रार्थनासभा परिचित आहे. मराठीत ‘डोक्यावर हात असणे’ याचा अर्थ आश्रय व कृपा असा पूर्वापार होत असल्याने, या विधीचा भाव समजण्यास मराठी श्रोत्यास भाष्याची गरज पडत नाही. उलट हातालाच सिद्धी चिकटविण्याचा मोह त्याला अधिक होऊ शकतो.

भूतोच्चाटनाच्या बाबतीत रोमने कडक भूमिका घेतली आहे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार स्थानिक धर्माधिकाऱ्याची खास परवानगी असलेल्या धर्मगुरूलाच ते करता येते, आणि १९८५ च्या पत्राने सामान्यजनांना त्यासंबंधीची सूत्रे वापरण्यास मनाई केली. रोगनिवारणाच्या प्रार्थनांविषयीची सूचना १४ सप्टेंबर २००० ची आहे. तिच्यात अशा प्रार्थनेस मुभा आहे, परंतु रोगनिवारणाचे दान सभेच्या संचालकासारख्या एखाद्या वर्गाकडे आपोआप असते हे मानणे मनमानीचे ठरविले आहे. उन्माद, कृत्रिमता व नाटकीपणा टाळण्यास सांगितले आहे. प्रार्थनेमुळे नैसर्गिक उपचार वर्ज्य होत नाहीत हेही नमूद केले आहे. धर्मशास्त्रीय परिभाषेत, संस्कार विधी केल्यानेच फलदायी होतो, तर अशी प्रार्थना ही विनंती असते आणि विनंतीस नकार मिळू शकतो.

परिणामांची शास्त्रीय तपासणी करण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण त्यांचा विधीशी संबंध बेताचाच आहे. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांच्या मोठ्या पाहणीत, दुरून केलेल्या प्रार्थनेचा लाभ दिसला नाही; आपल्यासाठी प्रार्थना होत असल्याचे निश्चित ठाऊक असलेल्यांत तर गुंतागुंत किंचित अधिक आढळली. तेथे कोणी रुग्णावर हात ठेवला नव्हता. मोझँबीकमध्ये हात ठेवून केलेल्या प्रार्थनेनंतर दृष्टी व श्रवण यांत सुधारणा नोंदविणारा २०१० चा अभ्यास केवळ २४ जणांचा होता, त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि प्रार्थना करणारे कॅथलिक नसून पेंटेकॉस्टल पंथीय होते.

महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने घरी, मंदिरात वा चर्चमध्ये केलेल्या प्रार्थना व उपासना यांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. मात्र भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हे गुन्हे आहेत. हात पसरून प्रार्थना करणाऱ्याने रुग्णास औषध सोडण्यास सांगितले, तर तो चर्चच्या सूचनेचाही भंग करतो.