जानेवारीची मुले, डिसेंबरची मुले

आपल्याकडे गल्लोगल्ली क्रिकेट चालते, तशी कॅनडात आईस हॉकी चालते. हिवाळ्यात तळी गोठली की मुले पायांत स्केट चढवून बाहेर पडतात. खेळ आपल्या हॉकीचाच भाऊबंद. पण चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, संघात गोलरक्षकासह सहा खेळाडू, आणि मोठ्या वयोगटांत अंगाची धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला अडवण्याची मुभा. ही शेवटची बाब लक्षात ठेवू या, कारण पुढे उंची आणि वजन यांचा प्रश्न येणार आहे.

या खेळात व्यावसायिक होऊ पाहणाऱ्या मुलाची वाट बरीचशी आखलेली असते. पाचव्या-सहाव्या वर्षी गावातल्या संघटनेत नाव घालायचे. पुढे दोन-तीन वर्षांत चांगल्या मुलांचे निवडक संघ वेगळे काढले जातात. सोळाव्या वर्षाच्या सुमारास होतकरू मुलगा ज्युनिअर लीगमध्ये जातो. त्यासाठी पुष्कळदा घर सोडून दुसऱ्या गावी एखाद्या कुटुंबात राहतो. आणि अठराव्या वर्षी येतो एनएचएलचा, म्हणजे नॅशनल हॉकी लीगचा ड्राफ्ट. यात लीगचे संघ पाळीपाळीने नव्या खेळाडूंची नावे पुकारतात. ज्याचे नाव आधी पुकारले जाईल, तो अधिक गुणी असे मानले जाते.

आता एक साधा प्रश्न विचारू या. या वाटेवर शेवटपर्यंत पोचणारी मुले कोणत्या महिन्यात जन्मलेली असतात? प्रश्न वेडगळ वाटेल. गुणवत्तेचा आणि जन्ममहिन्याचा काय संबंध? पण हा प्रश्न कोणीतरी विचारला, आणि त्याचे उत्तर शिक्षकांनी तरी जरूर जाणून घ्यावे असे आहे.

रॉजर बार्न्सली हे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ. १९८० च्या दशकात आल्बर्टा प्रांतातील लेथब्रिज या गावी ते ज्युनिअर हॉकीचा सामना पाहायला गेले होते. सोबत पत्नी पॉला. सामन्याच्या माहितीपत्रकात खेळाडूंच्या जन्मतारखा छापलेल्या होत्या. त्या चाळताना पॉलाबाईंच्या लक्षात आले की जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हेच महिने पुन्हा पुन्हा येत आहेत. घरी परतल्यावर बार्न्सलींनी आणखी संघांच्या याद्या जमवून मोजणी केली, आणि १९८५ साली सहकाऱ्यांसह ती प्रसिद्ध केली. वरच्या दर्जाच्या दहा खेळाडूंमध्ये ढोबळमानाने चार पहिल्या तिमाहीतले, तीन दुसऱ्या, दोन तिसऱ्या आणि एकच शेवटच्या तिमाहीतला, असा हा उतार निघाला. कॅनडात जानेवारीत फार मुले जन्मतात म्हणावे, तर तसेही नाही. तिथे हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जन्म थोडे अधिकच होतात.

राशीभविष्यावर विश्वास असणाऱ्या वाचकांना इथे आनंद होण्याचा संभव आहे. तो फार काळ टिकणार नाही. बेल्जियममध्ये कुमार फुटबॉलचे वयोगट पूर्वी १ ऑगस्टपासून मोजत. १९९७ साली ही तारीख बदलून १ जानेवारी करण्यात आली. बदलापूर्वी निवडलेल्या मुलांत ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या जन्माची गर्दी होती. बदलानंतर ती गर्दी जानेवारी ते मार्चकडे सरकली. त्या वर्षी आकाशातले ग्रह काही हलले नव्हते. हलली होती ती फुटबॉल संघटनेच्या कागदावरची एक तारीख.

कॅनडाच्या हॉकीतही वयोगटाची तारीख १ जानेवारी आहे. एका कॅलेंडर वर्षात जन्मलेली सारी मुले एका गटात. म्हणजे २ जानेवारीचा मुलगा आणि ३० डिसेंबरचा मुलगा एकाच बर्फावर, एकाच निवडचाचणीत उभे राहतात. दोघांत अंतर जवळजवळ एका वर्षाचे. अठरा वर्षांच्या तरुणाच्या दृष्टीने अकरा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा पाच टक्के भाग. सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मात्र पंधरा टक्के. स्केटवर तोल सांभाळणे, सूचना ऐकून पाळणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, या सगळ्यांत तो फरक दिसतो. शास्त्रज्ञ याला 'सापेक्ष वयाचा परिणाम' म्हणतात. मुलाचे वय किती, यापेक्षा आपल्या गटात ते कितव्या क्रमांकावर आहे, हा यातला मुद्दा.

पण एवढ्याशा फरकातून चारास एक असे प्रमाण कसे निघते? इथे थोडे गणित करावे लागेल. वर्गात करून पाहण्यासारखे आहे. समजा, दहा वर्षांच्या गटातील जानेवारीच्या मुलांची सरासरी उंची १४०.५ सेंटिमीटर आहे आणि डिसेंबरच्या मुलांची १३५.५. दोन्ही गटांत प्रमाण विचलन ६ सेंटिमीटर धरू. सरासरीतला फरक अवघा पाच सेंटिमीटर. मैदानात ही मुले सरमिसळ उभी केली तर तो डोळ्यांना जाणवेलच असे नाही. आता प्रशिक्षक म्हणाला, मला १४५ सेंटिमीटरपेक्षा उंच मुलेच हवीत. सामान्य वितरणाचे कोष्टक उघडून पाहिले, तर जानेवारीच्या १०० मुलांपैकी २२-२३ जण या कसोटीला उतरतात आणि डिसेंबरच्या १०० पैकी फक्त सहा. जवळजवळ चौपट! सरासरीत किरकोळ वाटणारा फरक टोकाशी गेल्यावर असा फुगतो, आणि निवड नेहमी टोकावरच होत असते. चाळणी जितकी बारीक, तितका हा फुगवटा मोठा. अर्थात प्रशिक्षक केवळ उंची पाहून निवडत नाही. पण वेग, ताकद, समज या सर्वांनाच हे गणित थोड्याफार प्रमाणात लागू पडते.

इथवरची गोष्ट नुसत्या मोजमापाची झाली. खरी हानी पुढे आहे. निवडक संघात गेलेल्या मुलाला अधिक चांगला प्रशिक्षक मिळतो, सरावासाठी बर्फ जास्त वेळ मिळतो (बंदिस्त रिंकवरचा वेळ तिथे भाड्याने घ्यावा लागतो आणि तो महाग असतो), जास्त सामने मिळतात आणि तोडीचे सोबती मिळतात. दोन वर्षांनी पुन्हा निवड होते, तेव्हा तो खरोखरच सरस असतो. प्रशिक्षक म्हणतो, बघा, मी बरोबर ओळखले होते. त्याचे म्हणणे खोटेही नाही. नवव्या वर्षी जो फरक निव्वळ कॅलेंडरचा होता, तो तेराव्या वर्षी कौशल्याचा झालेला असतो. आणि डिसेंबरचा मुलगा? त्याला आपण कच्चे आहोत असे वाटू लागते. आईवडिलांनाही पहाटे उठून त्याला रिंकवर नेण्याचा उत्साह राहत नाही. एक दिवस तो खेळ सोडतो.

त्यातच वयात येण्याचा काळ येतो आणि गुंतागुंत वाढते. मुलग्यांमध्ये उंची वाढण्याचा वेग सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जास्त असतो. वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर. पण ही झाली सरासरी. कोणी बाराव्या वर्षीच ताडमाड होतो, तर कोणी सोळावे लागेपर्यंत लहानखुराच राहतो. म्हणजे जन्मतारखेचे वय एक आणि हाडांचे वय दुसरे. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. डिसेंबरचा मुलगा लवकर वयात येऊ शकतो आणि जानेवारीचा उशिरा. धडकांच्या खेळात तर हा फरक धोक्याचाही ठरतो. अकरा-बारा वर्षांच्या गटात अंगाची धडक देण्यावर कॅनडात २०१३ पासून बंदी आहे, ती याच काळजीपोटी.

आता पुन्हा ड्राफ्टकडे वळू. अठराव्या वर्षी हा फरक पुसट होतो, तेव्हा तरी जाणकार निवडकर्त्यांची चूक सुधारत असेल? रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते २००७ या काळातील ड्राफ्टमध्ये निवडले गेलेले कॅनडाचे खेळाडू तपासले आणि २०१३ साली निष्कर्ष मांडले. पहिल्या तिमाहीतल्या खेळाडूंशी तुलना करता वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू, पुढे त्यांनी जी कामगिरी केली तिच्या मानाने, चाळीसहून अधिक क्रमांक मागे निवडले गेले होते. शिवाय एनएचएलमध्ये ४०० सामने खेळणे किंवा २०० गुण मिळवणे यांसारखे टप्पे गाठण्याची त्यांची शक्यता सुमारे दुप्पट होती. खेळाडूंवर अमाप पैसा लावणारे आणि पारखण्यासाठी पगारी माणसे ठेवणारे संघसुद्धा वर्षानुवर्षे एकाच दिशेने चुकत राहिले.

उशिरा जन्मलेले खेळाडू पुढे सरस का ठरले असावेत? एक स्पष्टीकरण असे की अंगाने लहान असल्यामुळे त्यांना चपळाई आणि डोके वापरणे भाग पडले. ते ऐकायला गोड लागते. दुसरे रुक्ष आहे, आणि आम्हाला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या दारावर एका गटाला जास्त अडवले जाते, त्या दारातून त्या गटातले अस्सलच तेवढे आत येतात. मग आत आलेल्यांची सरासरी चांगली दिसणारच. जे दाराबाहेर राहिले, ज्यांनी अकराव्या-बाराव्या वर्षी स्केट माळ्यावर टाकले, ते या आकडेवारीत नाहीतच.

अपवाद पुष्कळ आहेत. वेन ग्रेट्झ्की २६ जानेवारीचा, हे नियमाला धरून झाले. पण सिडनी क्रॉस्बी ७ ऑगस्टचा आणि मारिओ लेम्यू ५ ऑक्टोबरचा. टोरोंटोचा मार्क जिओर्दानो ३ ऑक्टोबर १९८३ चा. ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच निवडले नाही, आणि २०१९ मध्ये लीगमधील सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याला मिळाला. एकेका मुलाचे भवितव्य सांगण्यासाठी हा नियम निरुपयोगी आहे. तो गटांविषयी बोलतो.

तारखांची गंमत आणखी एका ठिकाणी दिसते. ड्राफ्टची तारीख वयोगटाच्या तारखेहून वेगळी आहे: १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण. अमेरिकेचा ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ रोजी जन्मला. दोन दिवसांनी त्याचा २०१५ चा ड्राफ्ट हुकला. मधले वर्ष तो स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकच्या संघातून मोठ्या माणसांबरोबर खेळला, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेला आणि एनएचएलच्या पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल केले.

आता कोणी म्हणेल, हॉकीवाल्यांचे हॉकीवाले पाहून घेतील, आमच्या शाळेत बर्फ कुठे आहे? बर्फ नाही, पण तारीख आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी अमुक दिवशी अमुक वय पूर्ण हवे, हा नियम आपल्याकडेही आहेच. त्या तारखेच्या दोन दिवस नंतर जन्मलेले मूल एक वर्ष थांबते आणि वर्गातले सर्वांत मोठे होते. दोन दिवस आधीचे सर्वांत लहान. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची तारीख ३१ डिसेंबर आहे. तिथल्या सहा ते बारा वर्षांच्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. अवधान कमी आणि चंचलता फार, या विकाराचे निदान होण्याचे प्रमाण जानेवारीच्या मुलांपेक्षा डिसेंबरच्या मुलग्यांमध्ये ३० टक्क्यांनी आणि मुलींमध्ये ७० टक्क्यांनी जास्त होते. औषधे सुरू होण्याचे प्रमाणही असेच वाढलेले. यातली काही मुले आजारी नव्हती, वर्गात फक्त लहान होती, असाच याचा अर्थ लावावा लागतो. विकार खरा असतो आणि त्याला उपचारही लागतात, यात वाद नाही. पण बाईंची तक्रार ज्या मुलाविषयी आहे, त्याची जन्मतारीख आधी पाहायला खर्च काहीच येत नाही.

मात्र तारीख नुसती माहीत असून भागत नाही, असे दिसते. नेदरलँड्समध्ये एक सुंदर प्रयोग झाला; तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फुटबॉलच्या निवडकर्त्यांना मुलांचा सामना दाखवला आणि गुणवत्तेनुसार क्रम लावायला सांगितले. जन्मतारखांची यादी हातात देऊनही त्यांचा कल मोठ्या मुलांकडेच राहिला. मग मुलांच्या सदऱ्यांवरचे क्रमांक वयाच्या क्रमाने घातले आणि तसे निवडकर्त्यांना सांगितले. तेव्हा तो कल नाहीसा झाला. कागदावरची माहिती डोळ्यांसमोर धावत असलेल्या मुलाच्या पाठीवर आली, तेव्हा तिचा उपयोग झाला.

आपल्या शाळेत हे तपासायचे तर सोपे आहे. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. खो-खो, कबड्डी, धावणे यांच्या गेल्या काही वर्षांच्या संघांतील मुलांच्या जन्मतारखा काढाव्यात. गटाच्या तारखेपासून वर्षाच्या चार तिमाही पाडून मुले मोजावीत आणि शेजारी संपूर्ण शाळेची तशीच मोजणी मांडावी, म्हणजे तुलना होईल. नववी-दहावीची मुले हे काम आनंदाने करतील. एकदोन संघांवरून काही ठरवू नये. निदान शंभरेक नावे हवीत. हीच मोजणी स्नेहसंमेलनातल्या नाटकाची, वर्गप्रमुखांची आणि शिष्यवृत्तीच्या जादा तासांना बसवलेल्या मुलांचीही करता येईल.

जुनी रजिस्टरे वापरणार असाल, तर एक अडचण खास आपल्याकडची आहे. ज्यांच्या जन्माची नोंद नव्हती, अशा असंख्य मुलांची जन्मतारीख गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी अंदाजाने १ जून लिहून टाकलेली आहे. हे दाखले आधी बाजूला काढावेत, आणि ते किती निघाले तेही तक्त्याखाली लिहून ठेवावे.