रिपोर्ट नॉर्मल, भीती कायम
मनाचं आरोग्य : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण पॅनिक अटॅक समजून घेतला. तिथे भीती काही मिनिटांत शिगेला पोहोचते आणि ओसरते. आजची भीती महिनोन्महिने मुक्काम ठोकते. आपल्याला काहीतरी गंभीर झालंय आणि ते अजून कुणाला सापडलेलं नाही, ही ती भीती.

समजा, चाळिशीतल्या एका गृहस्थांच्या छातीत डावीकडे टोचतं. ईसीजी होतो, टूडी इको होतो, सगळं नॉर्मल निघतं. घरी येताना ते खुशीत असतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा टोचतं आणि मनात येतं, 'ईसीजी काढला तेव्हा टोचत नव्हतं, मग त्यात दिसणार कसं?' मग दुसरे डॉक्टर, पुन्हा तपासण्या. घरचे वैतागून म्हणतात, "अहो, सगळे मनाचे खेळ आहेत."

घरच्यांचं इथे थोडं चुकतं, कारण टोचणं खरंच असतं. भीतीने श्वास जलद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, छाती आवळल्यासारखी वाटते. मानेतली बारीकशी गाठ दिवसभर दाबून पाहिली तर ती जागा हुळहुळी होते. सारखा आवंढा गिळला तर घशात काही अडकल्यासारखं वाटतं. लागोपाठ बीपी मोजलं तर धास्तीनेच आकडा चढतो. आजार शोधण्याच्या खटाटोपातूनच आजाराचे 'पुरावे' तयार होत राहतात.

मग डॉक्टरांच्या "काही झालेलं नाही" या शब्दांनी भीती का जात नाही? पॉल सालकोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ साली याचं उत्तर मांडलं. असा दिलासा हाच या भीतीचा खुराक ठरतो. खाज खाजवली की क्षणभर बरं वाटतं आणि मग ती वाढते, तसंच हे. रिपोर्ट आजच्यापुरतं सांगतो. रुग्णाला मात्र उद्याचीही शंभर टक्के खात्री हवी असते, आणि ती देणारी तपासणी जगात नाही. 'मला खात्री हवीच' यातला हट्ट हा अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत कळीचा मुद्दा आहे. कि. मो. फडके यांनी ही पद्धत महाराष्ट्रात रुजवली.

उपचारांचा फायदा होतो. पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या ४४४ रुग्णांवर अभ्यास केला. तो २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांपेक्षा, विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या सीबीटीने भीती जास्त कमी झाली आणि हा फरक दोन वर्षांनंतरही टिकून होता. गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषधंही देतात.

घरी काय करता येईल?

डॉक्टर एकच ठेवा. भेटीची तारीख आधी ठरवा आणि तपासण्या कोणत्या करायच्या ते त्यांना ठरवू द्या.

गाठ चाचपण्याची, गुगल करण्याची उबळ आली की वेळ लिहून ठेवा आणि अर्धा तास थांबा. जमलं की ही वेळ वाढवत न्या. न तपासताही भीती उतरते, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

घरच्यांनी "मला काही झालं नाही ना?" या प्रश्नाला दहादा उत्तर देऊ नये. रागावूही नये. "यावर आपलं बोलणं झालंय, चला, जेवायला बसू," इतकंच म्हणावं. पण हे दोघांनी आधी ठरवलेलं असावं.

याला अपवाद आहेत. चालताना छातीत दाटून येणं, घाम फुटून हात किंवा जबड्यात कळ जाणं, एका बाजूची ताकद एकाएकी जाणं, यात मिनिटभरही थांबू नका. शौचातून रक्त पडणं किंवा विनाकारण वजन घटणंही डॉक्टरांना दाखवायलाच हवं. घाबरट माणसालाही आजार होतात, म्हणून नवं लक्षण एकदा नीट तपासून घ्यावं. तेच लक्षण पाचव्यांदा तपासणं मात्र उपचारात मोडत नाही.

झोप, काम, घरातलं बोलणं या भीतीने व्यापलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

२०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात जागतिक आरोग्य संघटनेने हा विकार मंत्रचळाच्या गटात ठेवला आहे. तिथेही तपासण्याची आणि खात्री करण्याची अशीच साखळी असते. ती कशी तोडायची, ते पुढच्या लेखांकात पाहू.