वेलांटी आधी की नंतर?

टायपिंगचा निकाल लागला की लोक एकच विचारतात, थर्टी की फोर्टी? लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट लागतात, प्रमाणपत्र पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेचं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना टायपिंग शिकवताना मी जे पाहिलं, ते त्या आकड्यात कधी दिसलं नाही.

मशिनच्या जमान्यात परीक्षेला मुलांबरोबर मशिनही जायची. केंद्र एखाद्या शाळेत असायचं आणि रेमिंग्टन, गोदरेजची ती लोखंडी धुडं आम्हीच टेम्पोत गोण्या अंथरून न्यायचो. खड्ड्यांत एखादी अक्षराची दांडी वाकली की परीक्षेच्या आदल्या रात्री मेकॅनिकला घरातून उठवून आणायचं. मुलंही मशिन ओळखून असत. ‘सर, मला तीच द्या, तिचा र अडकत नाही,’ अशी विनवणी दर वेळी व्हायची आणि ती रास्तच होती. उताऱ्यात र अडकला, तर पोरीचा निकालच अडकायचा.

संगणक आला आणि अडचण बोटांत शिरली. रेमिंग्टनच्या पद्धतीत ‘कि’ उमटवायला पहिली वेलांटी, मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडेच दिसते. रफार मात्र अक्षरानंतर. संगणकावरचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड उच्चाराच्या क्रमाने चालतो: आधी क, मग वेलांटी, रफाराला आधी र, मग हलन्त, मग अक्षर. वेलांटीची कळ दोन्हीकडे डाव्या तर्जनीखालीच आहे. बोट तेच, वेळ वेगळी. क डाव्या मधल्या बोटाकडून उजव्या मधल्या बोटाकडे जातो आणि र जागचा हलत नाही. नव्या माणसाला अर्धी ओळख वाटते आणि तिथेच हात फसतो.

एटापल्लीकडचा एक मुलगा असाच फसला. त्याचा हात रेमिंग्टनवर पक्का बसला होता. एका कार्यालयाच्या चाचणीत समोर इन्स्क्रिप्ट लावलेला. पहिलाच शब्द ‘किरण’ आणि पडद्यावर वेलांटी ठिपक्यांच्या गोलाला एकटीच लटकलेली. त्याला वाटलं, संगणक बिघडला. पर्यवेक्षकांना हाक मारेपर्यंत घड्याळ पुढे गेलं होतं. रात्रीच्या एसटीने आलेला, घरी माडिया बोलणारा, मराठी शाळेत आणि टायपिंग त्याहून उशिरा शिकलेला तो पोरगा. त्याचं कौशल्य कमी नव्हतं. कोणता कीबोर्ड असेल, एवढं त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

सरावाच्या पुस्तकातले उतारे वेळेचं महत्त्व, शिस्त, आरोग्य असे. त्यावर स्पीड येतो, पण इथल्या कचेरीत टायपिस्टसमोर येतात ती नावं: उसेंडी, पुंगाटी, मट्टामी, आत्राम, भामरागड, हेमलकसा, कोरची. म्हणून मी उतारे बदलले. तेंदूपानांचं संकलन, वन्यप्राण्यांमुळे झालेल्या नुकसानीचा अर्ज, वनहक्काचा दावा. मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूचे वाहतूक परवाने आले. असा दावा कागदांवर उभा राहतो आणि ते कागद कुणीतरी टाइप केलेले असतात. नावात एक काना चुकला तर माणूस वर्षभर खेटे घालतो.

काना चुकला तर काय होतं, हे मला सर्वांत जास्त राजुऱ्याच्या कागदांनी शिकवलं. राजुरा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग काही काळ नांदेडकडे आणि १९५९पासून चांद्याकडे, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडे. निजामाच्या काळात त्या मुलखाचा सरकारी कारभार उर्दूत. इकडे अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. त्यामुळे घरच्या ट्रंकेत जपलेला आजोबांचा कागद असतो, पण तो घरात कुणालाच वाचता येत नाही. एक निवृत्त उर्दू शिक्षक वाचून द्यायचे, आमच्याकडे ते मराठीत टाइप व्हायचं. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून एकच नाव दोन-तीन तऱ्हांनी वाचता येतं. गुरुजी एकेका नावावर थांबत, समोरच्या म्हातारीला विचारत, ‘आई, तुमच्याकडे कसं म्हणतात?’ तिने उच्चारल्याशिवाय माझ्या क्लासच्या मुलींनी कळ दाबायची नाही, हा आमचा नियम होता. स्पीड त्या वेळी शून्य असायचा. मी त्याला उत्तम टायपिंग म्हणतो.

त्याच मुलींमध्ये एक बाई होत्या. नवरा पोलिसात होता, कर्तव्यावर असताना वारला. अनुकंपा तत्त्वावर नेमणूक मिळाली, पण टायपिंगचं प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत काढायची अट. विशीतल्या पोरींशेजारी बसून ‘कारा, सारा, रास’ गिरवायला सुरुवातीला त्यांना फार जड गेलं. पोरींनी त्यांना ताई केलं, संध्याकाळी त्यांचा मुलगा दुसऱ्या बाकावर अभ्यास करू लागला. हात उशिरा बसला; चुका मात्र त्यांच्या कागदावर सर्वांत कमी. पास झाल्या. आता कागद सहीला ठेवण्याआधी आदिवासी नावं त्या मोठ्याने वाचून दाखवतात आणि समोरच्याला ‘बरोबर आहे का?’ विचारतात, असं त्यांच्या कचेरीतल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं.

परीक्षा घेणाऱ्यांकडे माझ्या दोन मागण्या आहेत आणि दोन्ही बिनखर्चाच्या. कीबोर्ड कोणता, हे प्रवेशपत्रावर ठळक छापा. आणि उताऱ्यात निदान एक ओळ तरी अशी घाला, जिच्यात मट्टामी आणि पुंगाटी असतील.