आधी मीटर, मग आल्टरनेटर

हैदराबादच्या कोठीत, ब्रिटिश रेसिडेन्सीच्या जुन्या वास्तूपासून जवळच गुजराती गल्ली आहे. डायोड, रिले, फ्यूज, सोल्डर, मीटर असला सगळा माल तिथे आणि बँक स्ट्रीटवर मिळतो. जुन्या गाडीत झोपायची-स्वयंपाकाची सोय करून फिरणाऱ्याची बॅटरी चार्ज होईनाशी झाली, तर त्याने या बाजारातून आधी मल्टिमीटर घ्यावा. आल्टरनेटर विकत घ्यायची घाई करू नये. बऱ्याचदा दोष त्याच्यात नसतोच.

हैदराबादचं सर्वांत गाजलेलं चाकांवरचं घर म्हणजे एन. टी. रामारावांचा ‘चैतन्य रथम्’. १९८२ साली त्यांचा तेलुगू देसम पक्ष स्थापन झाल्यावर १९४०च्या बनावटीच्या शेवरोले गाडीत फेरफार करून ते आंध्रभर फिरले. त्या काळच्या शेवरोलेला मुळात ६ व्होल्टची बॅटरी आणि डायनॅमो असे. इंजिन सावकाश फिरत असताना डायनॅमो जवळजवळ काही देत नाही. बॅटरीतला करंट उलटा त्याच्यात जाऊ नये म्हणून कटआउट जोडणी तोडतो. अशा मूळ यंत्रणेवर गाडी उभी ठेवून दिवे, माईक चालवले तर भार बॅटरीवरच पडणार. १९६०च्या दशकात आल्टरनेटर रुळला आणि ही अडचण बरीच कमी झाली.

आता १२ व्होल्टच्या गाडीकडे येऊ. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी भरलेली असेल तर मीटर सुमारे १२.६ दाखवतो. इंजिन चालू करून जरा रेस दिली की आकडा साधारण १३.८ ते १४.४ व्हायला हवा. १५च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरीचं पाणी आटणार. आकडा हललाच नाही तर बेल्ट सैल आहे का ते पाहा. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवाही पाहा. कित्येक आल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. चार आण्याचा बल्ब उडाला की धडधाकट आल्टरनेटरही गप्प बसतो.

जुन्या गाडीत खरी गोम सांध्यांत असते. हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन आल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर टेकवा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वाटेत कुठेतरी गंजलेला लग किंवा सैल थिंबल आहे. मग आल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यातही हेच करा. अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथे बसते तिथला रंग-गंज सँडपेपरने खरवडला, की पुष्कळदा काम तिथेच संपतं. मिस्त्री मात्र थेट आल्टरनेटर उतरवायला लागतात. त्यांना तेच सोपं पडतं.

पंखा-फ्रिजसाठी दुसरी बॅटरी असेल तर आणखी एक चोर सापडतो. दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवायला पूर्वी डायोडचा आयसोलेटर लावत. साधा सिलिकॉन डायोड सुमारे ०.७ व्होल्ट स्वतःच खातो. आल्टरनेटर १४.१ देत असला तरी मागच्या बॅटरीला १३.४च मिळतात, आणि ती कधी पुरती भरतच नाही. त्याजागी चांगला रिले आणि जाड केबल टाकावी. केबलच्या दोन्ही टोकांना, बॅटरीलगत, फ्यूज हवाच.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘चार्जिंग बघतो’ म्हणणाऱ्याला मात्र तिथल्या तिथे थांबवा. डायनॅमोच्या जमान्यातली ती सवय आहे. आल्टरनेटरवर त्या झटक्यात व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, कधी गाडीतला टेपसुद्धा जळतो.