उसाला गेलेले श्रोते

मराठवाड्यात नुसते ‘परिषद’ म्हटले तरी लिहिणाऱ्या माणसाला मराठवाडा साहित्य परिषदच आठवते. 1943 साली, निजामाच्या राजवटीत ती उभी राहिली. उस्मानिया विद्यापीठातले शिक्षण उर्दूतून, कचेरीचा कारभार उर्दूतून. जाहीर सभेला सरकारी परवानगीची अट घालणारे ‘गश्ती निशान 53’ लोकांच्या चांगलेच लक्षात होते. मराठी पुस्तकांवर बोलायला चार माणसे गोळा करणे हेच तेव्हा मोठे काम होते. आज परिषदेचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, ‘प्रतिष्ठान’ हे तिचे मुखपत्र आहे आणि साहित्य महामंडळाच्या घटक संस्थांत तिला मान आहे. पण परिषद खरी जगते ती शाखांमध्ये.

बीड जिल्ह्यातली अंबाजोगाई हे अशा शाखेचे गाव. संतकवी मुकुंदराजांची समाधी इथलीच, दासोपंतांचीही. दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर, म्हणजे जाड सुती कापडावर, ‘पंचीकरण’ लिहून काढले, आकृत्यांसह. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असे सांगतात. लिहिण्याचा असा हव्यास ज्या गावाने पाहिला, तिथे 1983 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली. माणदेशच्या दुष्काळी माणसांचा लेखक बालाघाटच्या दुष्काळी माणसांत आला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

तालुक्याच्या गावातले कविसंमेलन पाहावे. सभागृह शाळेचे किंवा महाविद्यालयाचे. मास्तर, तलाठी, वकील, शेतकरी, बी.ए.ची पोरे अशी सगळी मंडळी. नवखा कवी खिशातला घडीचा कागद चार वेळा काढून बघतो, नाव पुकारल्यावर मात्र कागद न बघताच म्हणतो. मागच्या रांगेतून ‘पुन्हा एकदा’ आले की त्याचे वर्ष सार्थकी लागते. शाल-श्रीफळ, ठराव, निवडणुका हे चालायचेच. शाखेची किंमत या ‘पुन्हा एकदा’त आहे. मोठ्या शहरातले प्रकाशक ज्याला ओळखतही नाहीत, त्याला इथे पहिला श्रोता मिळतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. साहित्याचा हंगाम हिवाळ्याचा. ग्रंथदिंड्या, परिसंवाद, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, सगळे दिवाळी ते शिमगा या काळात. नेमके तेव्हाच या जिल्ह्यातले लाखो लोक मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिथला हिशेब. गावात म्हातारी माणसे उरतात. ऊसतोडीवरची कविता व्यासपीठावर टाळ्या घेते आणि जिच्यावर ती लिहिली ती बाई पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधत असते. जात्यावरची ओवी या बायकांच्याच घराण्यातली. त्यांना वगळून बीडचे साहित्य पुरे होणार नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याचा आनंद आहेच. शाखांना माझी विनंती एवढीच की, वर्षातला एक मेळावा गुढीपाडव्यानंतर, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्यावर घ्या. सभागृह नको, मारुतीचा पार चालेल. पहिले वाचन फडावरून आलेल्या बाईचे ठेवा, आणि तिला लिहिता येत नसेल तर शाखेच्या कार्यकर्त्याने तिच्यासमोर बसून तिचे बोलणे लिहून घ्यावे.